पॅकेजं काढली, रीबूट केलं, आणि सर्व्हर अर्ध्यातच अडकला

लिनक्स सर्व्हर व्यवस्थित चालू होता. नको असलेली पॅकेजं काढली, डिस्कवर जागा झाली, सगळ्या सेवा हिरव्या दिसत होत्या. मग कधीतरी रीबूट केलं आणि पिंग परत येईना. कन्सोल उघडला तर लाल तारे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरताहेत. नाहीतर एक ओळ येऊन पडदा गोठलाय.

हे दुखणं माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतं आणि सांगणारा दरवेळी एकच सांगतो, "पॅकेज काढलं त्याला तीन महिने झाले, त्याचा काय संबंध?" संबंध असतो. सर्व्हर रोज रीबूट होत नाहीत. पॅकेज काढलं तरी आधीच जोडलेली डिस्क जोडलेलीच राहते, एलव्हीएमचे (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणाऱ्या व्यवस्थेचे) व्हॉल्यूम कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जिवंतच राहतात. पॅकेज काढल्याच्या दिवशी म्हणून कुणाला काही जाणवत नाही. हिशेब होतो तो पुढच्या बूटला.

आणि बहुतेक वेळा पॅकेज गेलं हा मूळ दोष नसतो. पॅकेज गेलं, पण त्याच्या नावाची एखादी ओळ कुठेतरी राहून गेली, हा दोष असतो. ती ओळ वाचणारा जो कोणी आहे तो आता न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघत बसलाय. तेव्हा "काय बिघडलं" हे विचारण्याआधी "कोण कुणाची वाट बघतंय" हे विचारा.

(कमांड आणि फायलींची नावं खाली फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीसारखी करा.)

आधी घड्याळ बघा

पॉवर बटणावर गेलेलं बोट मागे घ्या आणि निदान सहा-सात मिनिटं थांबा. किती वेळ अडकतो हाच पहिला पुरावा आहे, आणि घाईने बंद केलं की तोच हातचा जातो.

सिस्टिमडी, म्हणजे बूटच्या वेळी सगळ्या सेवा उठवणारा प्रोग्राम, एखाद्या डिस्कची किंवा साध्या सेवेची वाट बघतो ती मुळात ९० सेकंद. म्हणून पडद्यावर "अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर" असं येऊन पुढे कंसात १ मिनिट ३० सेकंदांचा काटा दिसला, तर बहुधा एफएसटॅबमधली (बूटला कुठल्या डिस्का जोडायच्या त्या यादीतली) डिस्क. काट्याच्या जागी "नो लिमिट" लिहिलेलं असेल आणि ओळीत "वेट फॉर नेटवर्क" असेल, तर घाबरू नका. वनशॉट, म्हणजे एकदाच चालून संपणाऱ्या, प्रकारच्या सेवेला सिस्टिमडी सुरुवातीची मुदतच लावत नाही, म्हणून तसं दिसतं. आतला प्रोग्राम मात्र स्वतःहून १२० सेकंदांनी हात टेकतो. ५ मिनिटांचा काटा दिसला तर ईटीसीतल्या इनिट डॉट डी फोल्डरात कुणीतरी जुनी स्क्रिप्ट मागे सोडलेली आहे. त्या स्क्रिप्टांसाठी सिस्टिमडी जी युनिट (सेवा, डिस्क अशा प्रत्येक कामाची नोंद) आपोआप बनवतो त्यांना ५ मिनिटांचीच मुदत असते.

सिस्टिमडीचा एकही शब्द यायच्या आधीच थांबला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी फाइलसिस्टिम, रूट डिस्क शोधतेय. डेबियन-उबंटूत ती साधारण ३० सेकंद शोधते आणि मग बिझीबॉक्सच्या, म्हणजे मोजक्या कमांडच्या छोट्या शेलच्या, प्रॉम्प्टवर आणून सोडते. रेड हॅट घराण्यात ड्रॅकट (इनिटरॅमएफएस बनवणारं तिथलं हत्यार) साधारण ३ मिनिटं शोधतो आणि "इनिटक्यू टाइमआउट" च्या ओळीमागून ओळी ओततो.

घड्याळच नसेल, एकाच ओळीवर कायमचं थांबलं असेल, तर ती ओळ शब्दशः वाचा. "फेल्ड टू लोड एसईलिनक्स पॉलिसी" आणि शेवटी "फ्रीझिंग" असं असेल तर थेट खाली एसईलिनक्सच्या, म्हणजे सक्तीच्या सुरक्षा-नियमांच्या, भागाकडे जा.

अजून एक शक्यता आधीच काढून टाका: सर्व्हर अडकलेलाच नाही, फक्त पडदा अडकलाय. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून बघा. कर्नलच्या ओळीत (सुरू होताना त्याला दिलेल्या सूचनांत) "कन्सोल" दोनदा दिलेला असेल, तर शेवटी दिलेल्या कन्सोलवरच सेवांची ओळख-परेड दिसते. तुम्ही मॉनिटरकडे बघताय आणि तो सगळं सीरियल पोर्टला सांगतोय, असं होतं. यात अर्धा तास घालवलेले लोक मी पाहिलेत. त्यातली एक मी.

पडदा बोलता करा

रीबूट करा आणि ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या बूटलोडरचा, मेन्यू थांबवा. जुन्या बायोस पद्धतीत शिफ्ट दाबून धरायचं, यूईएफआय असेल तर एस्केप. हवी ती नोंद निवडून "ई" दाबा. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्यातले "क्वायट" आणि "स्प्लॅश" हे दोन शब्द उडवा आणि ओळीच्या शेवटी "सिस्टिमडी डॉट डीबग-शेल इक्वल टू १" लिहा. कंट्रोल-एक्स दाबलं की बूट सुरू. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा.

त्या शेवटच्या शब्दांनी काय होतं? बूट अडकलेला असतानाच नवव्या कन्सोलवर, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एफ९ वर, रूटचं शेल मिळतं. पासवर्ड लागत नाही. म्हणूनच काम झाल्यावर ते कायमचं चालू ठेवायचं नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर या तीन कळा ब्राउझर खाऊन टाकतो, तेव्हा कन्सोलच्या मेन्यूतून पाठवाव्या लागतात.

या शेलमध्ये पहिली कमांड: "सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स". तीसेक ओळी येतात. त्यातल्या जवळपास सगळ्यांपुढे "वेटिंग" असतं आणि एखाद-दुसऱ्या ओळीपुढे "रनिंग". वेटिंगवाले रांगेतले गरीब लोक, त्यांच्याकडे बघू नका. रनिंग लिहिलंय तो खिडकीत अडून बसलेला. तोच आपला माणूस.

मागच्या एका मशीनवर मला दिसलं ते असं: "देव-मॅपर-डेटा-बॅकअप डॉट डिव्हाइस, स्टार्ट, रनिंग". खाली लगेच त्या डिस्कचं माउंट युनिट, वेटिंग. त्याखाली "लोकल-एफएस डॉट टार्गेट", वेटिंग. त्याखाली सगळं गाव. तीन ओळींत पूर्ण कहाणी. एलव्हीएम२ पॅकेज काढलेलं होतं, एफएसटॅबमध्ये बॅकअपची ओळ होती, आणि बॅकअपचा व्हॉल्यूम जागा करणारं आता कोणीच नव्हतं.

तात्पुरतं पुढे ढकलायचं असेल तर यादीतला जॉबचा आकडा घेऊन "सिस्टिमसीटीएल कॅन्सल" द्या. एखादी सेवा असेल तर पुढच्या बूटला कर्नलच्या ओळीत "सिस्टिमडी डॉट मास्क इक्वल टू" आणि तिचं नाव द्या, म्हणजे ती त्या बूटपुरती झाकली जाईल.

इमर्जन्सी मोड आणि कुलूपबंद रूट

एफएसटॅबमधली स्थानिक डिस्क ९० सेकंदांत आली नाही की सिस्टिमडी इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि रूटचा पासवर्ड मागतो. उबंटूत रूटला मुळात पासवर्डच नसतो. मग "द रूट अकाउंट इज लॉक्ड, प्रेस एंटर टू कंटिन्यू" असं येतं. एंटर दाबलं की पुन्हा तेच. याला लोक "हँग" म्हणतात आणि त्यांचं चुकतही नाही, कारण यातून बाहेर पडायला दारच नाही.

वरचं डीबग शेल इथे कामी येतं. तेही जमत नसेल तर ग्रबच्या ओळीत "इनिट इक्वल टू बिन बॅश" द्या. सरळ शेल मिळेल, रूट डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती लागलेली असेल. "माउंट डॅश ओ रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू" करून ती लिहिण्याजोगी करा, एफएसटॅबमधल्या त्या ओळीआधी हॅश टाका, "सिंक" द्या आणि मशीन रीसेट करा. इथे "रीबूट" ही कमांड बहुधा चालणार नाही, कारण ती ऐकणारा सिस्टिमडीच उठलेला नाही.

रूट डिस्कच सापडत नसेल

पुन्हा पुन्हा उद्भवणारा प्रकार खरा हाच, म्हणून इथे जरा थांबते.

रूट डिस्क एलव्हीएमवर, रेडवर (अनेक डिस्का मिळून एक) किंवा एनक्रिप्टेड असेल तर ती उघडायची हत्यारं इनिटरॅमएफएसच्या आतच असावी लागतात. तुम्ही एलव्हीएम२, एमडीॲडम किंवा क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस काढलंत की डेबियन-उबंटू ती फाइल नव्याने बनवतात, अर्थातच त्या हत्यारांशिवाय. यातलं शेवटचं पॅकेज विशेष फसवं आहे. क्रिप्टसेटअप जागेवर असतं, बघणाऱ्याला वाटतं सगळं आहे. पण बूटच्या वेळी पासवर्ड विचारणारा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये असतो, आणि तोच ऑटोरिमूव्हमध्ये (नको वाटणारी पॅकेजं आपोआप काढण्यात) गेलेला असतो.

आता गंमत बघा. नव्याने बनते ती मुळात फक्त सगळ्यात नव्या कर्नलची फाइल. जुन्या कर्नलची फाइल तशीच राहते, तिच्या पोटात जुनी हत्यारं शाबूत. म्हणून ग्रबमधून जुना कर्नल निवडला की सर्व्हर टुणकन उठतो. सगळे म्हणतात, "नवा कर्नलच खराब आहे." जुना कर्नल कायमचा ठरवून टाकतात, तिकीट बंद होतं. काही महिन्यांनी जुना कर्नल साफसफाईत जातो, किंवा कुणीतरी त्याचीही फाइल नव्याने बनवतं, आणि पुन्हा तोच बिझीबॉक्स, तोच "डझ नॉट एक्झिस्ट" चा संदेश, आणि पुन्हा तोच निष्पाप कर्नल आरोपीच्या पिंजऱ्यात.

म्हणजे जुना कर्नल चालला तर तो उपाय समजू नका, ती खूण समजा. त्या जुन्या कर्नलवर बूट करून गेलेलं पॅकेज परत टाका, मग "अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू डॅश के ऑल" द्या. शेवटचा "ऑल" विसरू नका. मग "एलएसइनिटरॅमएफएस" ने नव्या फाइलच्या पोटात एलव्हीएम आहे का ते ग्रेप करून प्रत्यक्ष बघा. रेड हॅट घराण्यात हेच काम "ड्रॅकट डॅश एफ डॅश डॅश रीजनरेट-ऑल" करतो आणि आत बघायला "एलएसइनिटआरडी" आहे. तिथे ग्रबच्या यादीत तळाशी "रेस्क्यू" नावाची नोंदही असते. ती इन्स्टॉल करताना बनलेली, सगळी हत्यारं बरोबर घेतलेली असते. अडचणीच्या वेळी तीच आधी करून बघावी.

जुना कर्नलही नसेल तर बाहेरून उघडावं लागतं: लाइव्ह यूएसबी, किंवा क्लाउडवर असाल तर डिस्क सोडवून दुसऱ्या मशीनला जोडणं. रूट डिस्क एमएनटीवर माउंट करा, देव, प्रॉक, सिस आणि रन हे चारही "बाइंड" करून आत घ्या, मग सीएचरूट, म्हणजे त्या डिस्कलाच रूट मानून आत शिरणं.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. रात्री दीडला एक सर्व्हर असाच उघडला, एलव्हीएम२ परत टाकलं, इनिटरॅमएफएस बनवली, एकही एरर नाही. रीबूट. तोच बिझीबॉक्स. पुन्हा सगळं केलं, पुन्हा तोच. तिसऱ्या खेपेला "एलएस बूट" केलं तर आत फक्त मी आत्ता बनवलेली फाइल. कर्नल नाही, ग्रब नाही, काही नाही. तेव्हा ट्यूब पेटली. बूट हे वेगळं पार्टिशन होतं आणि मी ते माउंटच केलं नव्हतं. दोन वेळा मी नवी कोरी फाइल रूट डिस्कवरच्या रिकाम्या बूट फोल्डरात ठेवून आले होते, आणि ग्रब इमानेइतबारे खऱ्या पार्टिशनवरची जुनी फाइल उचलत होता. तेव्हापासून सीएचरूटमध्ये शिरल्यावर पहिलं काम: एफएसटॅब वाचायची आणि बूट, बूट-ईएफआय जे काही तिच्यात असेल ते आधी लावायचं. "दुरुस्त केलं तरी परत तेच होतं" अशी तक्रार आली की मी हल्ली आधी हेच विचारते.

जोडीला "डीएफ" ने बूट पार्टिशन भरलंय का तेही बघा. जागा नसली की फाइल बनतच नाही. पॅकेज काढताना ही चूक एका ओळीत येऊन वर सरकून जाते आणि कोणी वाचत नाही.

नेटवर्कची वाट

दोन मिनिटं अडकून पुढे सरकणारा सर्व्हर म्हणजे बहुतेक हेच. नेटवर्क सांभाळणारे दोन कारभारी असतात, नेटवर्कमॅनेजर आणि सिस्टिमडी-नेटवर्कडी, आणि प्रत्येकाची "नेटवर्क येईपर्यंत थांबा" सांगणारी वेगळी सेवा. काम एकाकडे आणि थांबायला सांगणारी सेवा दुसऱ्याची चालू, असं झालं की दोन मिनिटांपर्यंत वेळ फुकट जातो. ज्याच्याकडे काम नाही त्याची "वेट-ऑनलाइन" सेवा बंद करा, संपलं.

उबंटूत याचा वाईट प्रकार आहे. डेस्कटॉप काढताना नेटवर्कमॅनेजरही जातो, पण नेटप्लॅनच्या फाइलीत "रेंडरर" च्या पुढे त्याचंच नाव राहतं. मग कार्डाला पत्ता द्यायला कोणीच नाही. सर्व्हर पूर्ण उठलेला असतो, लॉगिन प्रॉम्प्टही आलेला असतो, फक्त बाहेरून बघणाऱ्याला मेलेला वाटतो. तिथे नाव "नेटवर्कडी" करा आणि "नेटप्लॅन अप्लाय" द्या.

मुंगीच्या पावलांनी चालणारा बूट

हा ओळखायला अवघड. कुठलीच एक सेवा अडकत नाही. सगळंच हळू चालतं: एक ओळ, मग मोठा विराम, मग पुढची ओळ. यूदेव, डीबस, लॉगिनडी, सगळे पाय ओढत.

असं दिसलं की ईटीसीतली एनएसस्विच डॉट कॉन्फ (नावं कुठे शोधायची ते सांगणारी फाइल) उघडा. त्यात "पासडब्ल्यूडी" आणि "ग्रुप" च्या पुढे "एलडॅप" (वापरकर्त्यांची मध्यवर्ती यादी) असेल आणि एलडॅपचा सर्व्हर याच मशीनवर होता नि तुम्ही तो काढलात, तर प्रत्येक सेवा आपल्या वापरकर्त्याचं किंवा ग्रुपचं नाव विचारायला त्या मेलेल्या सर्व्हरकडे जाते, वाट बघते, परत येते. इथे विचारणारं मॉड्यूल मागे राहिलंय आणि उत्तर देणारा गेलाय. मॉड्यूलच निघून गेलं असतं तर इतका त्रास नव्हता. लायब्ररी सापडली नाही की यादीतल्या पुढच्या ठिकाणी विचारलं जातं, थांबणं नाही. "एलडॅप" हा शब्द काढा. तो ठेवणं भागच असेल तर एलडॅपच्या कॉन्फिगमध्ये "बाइंड पॉलिसी" सॉफ्ट करा, म्हणजे सर्व्हर नाही म्हटल्यावर तो पुन्हा पुन्हा दार ठोठावत बसणार नाही.

जुन्या, ५.४ च्या आधीच्या कर्नलवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर याच्यासारखंच आणखी एक दिसतं. हॅव्हेजेड किंवा आरएनजी-टूल्स काढलं की यादृच्छिक आकड्यांचा साठा भरायला वेळ लागतो आणि एसएसएच मिनिटंमिनिटं उठत नाही. कन्सोलवर चार कळा दाबल्या की अचानक पुढे सरकतो, त्यावरून ओळखा. "डीमेसेज" मध्ये "सीआरएनजी इनिट डन" ही ओळ किती सेकंदांनी आली तेही बघा.

एसईलिनक्सने गोठवलं असेल तर

एसईलिनक्सच्या कॉन्फिगमध्ये "एन्फोर्सिंग" लिहिलेलं आणि पॉलिसीचं पॅकेज काढलेलं, तर सिस्टिमडी पहिल्याच पायरीवर गोठतो. मुद्दाम गोठतो, हे त्याचं बरोबर आहे. सुरक्षा सक्तीची आहे म्हणता आणि नियमच हजर नाहीत, मग त्याने पुढे कसं जावं? ग्रबच्या ओळीत "एन्फोर्सिंग इक्वल टू ०" देऊन उठवा, पॉलिसीचं पॅकेज परत टाका, रूटमध्ये "डॉट ऑटोरिलेबल" नावाची रिकामी फाइल ठेवा आणि रीबूट करा. आता हा बूट खूप वेळ घेईल. प्रत्येक फाइलला लेबल लावायचं काम चालू असतं, आणि मोठ्या डिस्कवर ते चांगलंच लांबतं. दुरुस्त होत असलेला सर्व्हर याच वेळी "पुन्हा अडकला" म्हणून बंद करणारे असतात. तसं करू नका.

काय काढलं होतं ते आठवत नसेल

आठवायची गरज नाही, लिहून ठेवलेलं असतं. डेबियन-उबंटूत व्हार-लॉग-एप्टमधली "हिस्टरी डॉट लॉग" उघडा. तारीख, दिलेली कमांड, कोणी दिली आणि "रिमूव्ह" पुढे पॅकेजांची यादी, सगळं आहे. दर महिन्याला फाइल बदलते, तेव्हा तीन महिन्यांपूर्वीचं हवं असेल तर दाबून ठेवलेल्या जुन्या फायली "झेडकॅट" ने वाचा. डीएनएफवाल्यांचं सुख आणखी मोठं: "डीएनएफ हिस्टरी" मध्ये व्यवहाराचा क्रमांक शोधा आणि "डीएनएफ हिस्टरी अनडू" ने तो आख्खा व्यवहारच उलटा फिरवा, अर्थात ती पॅकेजं रेपोत अजून असली तर.

"डीपीकेजी डॅश एल" च्या यादीत डाव्या कडेला "आरसी" लिहिलेल्या ओळी दिसतील. प्रोग्राम गेलाय पण ईटीसीतल्या त्याच्या फायली शिल्लक आहेत, असा त्याचा अर्थ. "रिमूव्ह" आणि "पर्ज" मधला फरक तो हाच. इनिट डॉट डीतली ५ मिनिटांवाली स्क्रिप्ट इथूनच येते. वितरणाबरोबर आलेल्या स्क्रिप्टा आधी आपला प्रोग्राम आहे का ते बघतात आणि नसेल तर गुपचूप बाहेर पडतात. बाहेरच्या विक्रेत्यांच्या स्क्रिप्टांना हे शिष्टाचार नसतात.

सिस्टिमडीच्या "वॉन्ट्स" फोल्डरांतल्या तुटक्या लिंका मात्र मनावर घेऊ नका. लोक त्या शोधण्यात दुपार घालवतात. वॉन्ट्समधलं युनिट नसलं तर सिस्टिमडी ते सोडून पुढे जातो. सवडीने साफ करा, पण बूट अडकायचं कारण म्हणून तिथे खणू नका. एनएफएसचंही (नेटवर्कवरच्या फोल्डरांचंही) तसंच. एनएफएस-कॉमन काढलं की माउंट लगेच तोंडावर आपटतं, वाट बघत बसत नाही. आयस्कझीची, म्हणजे नेटवर्कवरून येणारी, डिस्क मात्र ९० सेकंद वाट बघायला लावते.

नोफेल टाकण्याआधी

एफएसटॅबमधल्या दुय्यम डिस्कांना "नोफेल" (डिस्क आली नाही तरी बूट पुढे जाऊ दे) लावा असा सल्ला सगळीकडे मिळेल, आणि बॅकअपसारख्या डिस्कला मीही लावते. जोडीला "एक्स-सिस्टिमडी डॉट डिव्हाइस-टाइमआउट" १० सेकंद. फाइल बदलली की "फाइंडएमएनटी डॅश डॅश व्हेरिफाय" आणि "सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड".

पण डेटाबेसच्या डिस्कला नुसतं नोफेल लावू नका. डिस्क आली नाही तरी बूट पुढे जातो, डेटाबेस उठतो, त्याला रिकामं फोल्डर दिसतं. काही डेटाबेस तिथे नकार देतात. काहींच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टा मात्र "नवं घर दिसतंय" म्हणून कोरा डेटाबेस मांडून बसतात, आणि सकाळपर्यंत नवा डेटा रूट डिस्कवर साठत राहतो. त्यापेक्षा अडकलेला बूट परवडला. अशा सेवेच्या युनिटमध्ये "रिक्वायर्स-माउंट्स-फॉर" आणि त्या फोल्डरचा पत्ता लिहा. डिस्क नसेल तर डेटाबेस उठणार नाही, बाकी सर्व्हर उठेल आणि तुम्हाला एसएसएचने आत जाता येईल.

पुढच्या वेळी पॅकेज काढताना "एप्ट डॅश एस" ने आधी नुसती तालीम करा आणि "रिमूव्ह" खालची यादी नावानिशी वाचा. एलव्हीएम, एमडीॲडम, क्रिप्टसेटअप, मल्टिपाथ, आयस्कझी यातलं काही दिसलं तर "एप्ट-मार्क मॅन्युअल" लावून त्यांना ऑटोरिमूव्हच्या वाटेतून काढा. आणि काढून झाल्यावर त्याच देखभालीच्या वेळेत, कन्सोल उघडा ठेवून, रीबूट करा. एकदा नव्या कर्नलवर, एकदा ग्रबमधून जुन्या कर्नलवर.